व्हायोलिन घेऊन जर्मनीला निघालेल्या मुलीच्या आईला

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी सतरा वर्षांची आहे, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांची आठवी ग्रेड झाली, दर रविवारी धुळ्याहून एसटीने नाशिकला क्लासला जाते आणि आता जर्मनीत व्हायोलिन परफॉर्मन्सची पदवी करायची म्हणते. तर कॉलेज कोणतं निवडावं, आणि पोर एकटी राहील का? दोन दिवस झाले, तुमचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. मी तापीकाठच्या गावातली, २०११ पासून न्युरेंबर्गला. माझा मुलगा चेलो वाजवतो, म्हणजे व्हायोलिनच्याच घराण्यातलं मोठं वाद्य. गेल्या वर्षी त्याला संगीताच्या हॉखशुलेत, म्हणजे इथल्या पदवीच्या संगीत महाविद्यालयात, प्रवेश मिळाला, तोही दुसऱ्या खेपेला. म्हणून लिहिते आहे.

व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी ठेवायचं खातं), एपीएस (आपल्या मार्कशीट तपासून मिळणारं प्रमाणपत्र) हे सगळं वकिलातीच्या पानावर आहे, ते तिथेच वाचा. फीबद्दल एवढंच सांगते: इथे संगीताच्या सरकारी हॉखशुले २४ आहेत आणि बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात मात्र, म्हणजे स्टुटगार्ट, मानहाइम, फ्रायबुर्गकडे, आपल्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. पण फुकट आहे म्हणून येऊ नका. फुकट असल्यामुळेच साऱ्या जगातली पोरं तिथे रांगेत असतात, आणि त्यातली बरीच पाचव्या वर्षापासून व्हायोलिन धरलेली असतात.

कॉलेजचं नाव बाजूला ठेवा आणि आधी शिक्षक शोधा. इथे विद्यार्थी एका प्रोफेसरच्या ‘क्लास’मध्ये घेतला जातो. त्या वर्षी त्या प्रोफेसरकडे जागाच रिकामी नसेल, तर मुलगी कितीही चांगली वाजवो, उपयोग नाही. आम्हाला हे पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नाही. आम्ही नावाजलेली तीन शहरं निवडली, तीन ठिकाणी रेल्वेने गेलो, मधे चेलो उभा धरून. तिन्हीकडून दोन-दोन ओळींचं पत्र आलं. पुढच्या वर्षी मुलाने स्वतः प्रोफेसरांना ईमेल लिहिले की परीक्षेआधी एक तास शिकवाल का. याला इथे ‘प्रोबेश्टुंडे’ म्हणतात. काहींचं उत्तर आलं नाही, काहींनी क्लास भरलाय म्हणून कळवलं, दोघांनी बोलावलं. त्यातल्या एकांकडे तो आज शिकतो. तुमच्या मुलीनेही आधी हेच करावं. अर्जाच्या तारखा पुष्कळ ठिकाणी मार्च-एप्रिलमध्ये संपतात, त्यामुळे दिवाळीच्या आत पत्रं गेली पाहिजेत. सोबत रेकॉर्डिंग असावं, मोबाइलवर केलेलं चालेल, पण कापाकापी न करता सलग एका दमात वाजवलेलं.

परीक्षेत वेगवेगळ्या काळातल्या रचना वाजवाव्या लागतात, आणि परीक्षक मधेच थांबवतात. थांबवलं म्हणजे नापास झालो, असं तिला वाटू देऊ नका. बहुतेक ठिकाणी थोडा पियानोही वाजवून दाखवावा लागतो. नाशिकला क्लास लावायचा तर तो आजच लावा. थिअरी आणि कानाची, म्हणजे ऐकून स्वर ओळखायची, परीक्षा वेगळी असते. तिथे एक खड्डा आहे तो सांगते. जर्मनीत ‘बी’ म्हणजे आपला बी फ्लॅट, आणि आपल्या बी स्वराला हे लोक ‘एच’ म्हणतात. ट्रिनिटीची पुस्तकं वाचलेली मुलं हमखास तिथे पडतात.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते सांगते, कारण माझ्या मनात ते अजून सलतं.

मुलगा पाच वर्षांचा असताना आम्ही आलो. इथे बायर्नमध्ये, म्हणजे न्युरेंबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या वर्षात, मे महिन्यात, मुलाच्या हातात एक प्रगतिपुस्तक देतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, या तीन विषयांच्या सरासरीवर पुढची शाळा ठरते. १ म्हणजे सगळ्यात चांगली ग्रेड. जिम्नॅशियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, २.३३ लागते. माझ्या मुलाला जर्मनमध्ये ३, गणितात २, परिसरमध्ये ३ मिळाली. सरासरी २.६६. एका विषयात एक ग्रेड कमी पडली आणि दहा वर्षांच्या पोराची वाट बदलली. बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, घरी मराठी बोलणं बंद करा, म्हणून याचं जर्मन कच्चं राहिलंय.

आणि मी ऐकलं. त्या शाळेचा राग येतो तसा स्वतःचाही येतो. मी गंधर्व महाविद्यालयाची विशारद झालेली बाई. गावी पहाटे घराच्या धाब्यावर बसून रियाज करायचे, खाली माय चूल पेटवायची. तीच मी, दोन वर्षं पोराशी मोडक्या जर्मनमध्ये बोलले. मराठी बंद म्हणजे अंगाई, ओव्या, आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी सगळंच बंद झालं. त्याचं जर्मन सुधारलं, ते वयामुळे सुधारलं असतंच. माय फोनवर म्हणायची, ‘नातू मन्हासंगे बोलस नही.’ मी म्हणायचे, अभ्यास असतो गं त्याला.

कागदांचंही तसंच. मुलाच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी होती. ते नाव चढवायला माझ्या भावाने चार फेऱ्या मारल्या. मग इथल्या कार्यालयाने वडिलांचं नाव मुलाचंच दुसरं नाव धरलं. आजही त्याच्या नावाच्या पत्रांवर त्याचा बाप बसलेला असतो. तुमच्या मुलीच्या दाखल्यावर, दहावीच्या मार्कशीटवर आणि पासपोर्टवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, हे आज रात्रीच बघा.

राहायच्या जागेबद्दल. खोली घेण्याआधी एकच विचारा, इथे वाजवता येईल का? बिल्डिंगच्या नियमांत रात्री दहानंतर शांतता असतेच, काही ठिकाणी दुपारीही असते. हॉखशुलेत रियाजाच्या खोल्या किती आहेत, रविवारी उघड्या असतात का, नंबर कसा लागतो, हे तिथे शिकणाऱ्या मुलांनाच विचारा. काही वसतिगृहांत तळघरात रियाजाची खोली असते. तसं वसतिगृह मिळालं तर खोली लहान असली तरी घ्या. आणि हिवाळ्यात हीटरने हवा इतकी कोरडी होते की लाकूड तडकतं. मुलाच्या चेलोच्या पेटीत मी भोकं पाडलेली साबणाची डबी ठेवते, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज. माझ्या तंबोऱ्यासाठी हे मला वेळेत सुचलं नाही. भोपळ्याच्या सांध्यापाशी बोट जाईल एवढी फट पडली आहे.

एकटेपणाचं काय सांगू. सवय होते, असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हाला खरं सांगते. आल्यानंतर तीन महिन्यांत शेजाऱ्यांनी माझ्या गाण्याची तक्रार केली, आणि तेव्हापासून मी घरात मोठ्याने गायलेले नाही. गॅरेजमध्ये गाडीत बसते, काचा वर करते, मोबाइलवर तंबोरा लावते आणि गाते. नवऱ्यालाही हे बरीच वर्षं माहीत नव्हतं.

त्या प्रोबेश्टुंडेत प्रोफेसरांनी मुलाला बाखची एक ओळ वाजवायला लावली, मग म्हणाले, चेलो खाली ठेव आणि हीच ओळ गाऊन दाखव. याला गाता येईना. बोटांना सगळं येत होतं, गळा बंद. घरी येऊन म्हणाला, आई, मला गायला शिकव. मी त्याला गॅरेजमध्ये नेलं. अठरा वर्षांचा मुलगा शेजारच्या सीटवर बसून सा लावत होता आणि तो सा थरथरत होता. परीक्षेपर्यंत आम्ही रोज अर्धा तास बसलो. कानाच्या परीक्षेत त्याला त्याचा उपयोग झाला. एकच अडचण आली: आपला सा हलतो, म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे कुठल्याही पट्टीत धरता येतो, आणि त्यांचा हलत नाही, ते जुळवायला महिना गेला.

तेव्हा मुलीला वाजवण्याइतकंच रोज गायला लावा. तुम्हाला येत असेल तर तुम्हीच शिकवा, तिच्यासोबत बसा. ती इथे आल्यावर तुमच्याशी अहिराणीतच बोलेल, एवढं तिच्याकडून आत्ताच कबूल करून घ्या. ती एकटी राहील का, याचं उत्तर मला देता येत नाही. मी चौतिसाव्या वर्षी, नवरा-मुलासकट आले होते.

माझ्या मुलाची सेमिस्टर संपली की त्याचं आणि तुमच्या मुलीचं फोनवर बोलणं करून देते. रियाजाच्या खोल्या आणि प्रोफेसर, दोन्हींबद्दल तो माझ्यापेक्षा नीट सांगेल. त्याची मराठी अडखळत येते, तिला तेवढं थांबून ऐकायला सांगा.