मुलींच्या अपेक्षा वाढल्यामुळे शेतकरी मुलांची लग्नं जमत नाहीत आणि जमली तरी टिकत नाहीत, हे खरं आहे का?

मी मूळची कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातली. अपेक्षा वाढलेल्या मुलींपैकीच एक. २०१२ मध्ये शेती करणाऱ्या मुलाला मी सरळ नाही म्हटलं, त्याची मला काडीची खंत नाही.

मग दादासाठी मुली बघायला लागलो. साडेतीन एकर बागायत, ऊस, सुपारीचंही व्यसन नाही. एकोणीस स्थळं झाली. एकदा घर बघायला आलेल्या मुलीच्या मावशीने पोहे खाता खाता विचारलं, "म्हशी किती?" आई कौतुकाने म्हणाली, "चार." मावशी उठून मागची न्हाणी बघून आली. गोठ्याला लागून, दाराला कडी नाही. उरलेले पोहे तिने खाल्लेच नाहीत. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

आत्या म्हणाली, "माज आलाय पोरींना."

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. राज्यात ९१३. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा १९९४ चा, तरी ही गत. ती पोरं आता बाशिंग बांधायच्या वयात आहेत. आत्याचा एकुलता एक त्यातलाच. त्याच्या आधी दोनदा काय झालं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, इथे लिहीत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बिनलग्नाची मुलं नवरदेव होऊन घोड्यावरून कलेक्टर कचेरीवर गेली, तेव्हा लोकांनी व्हिडिओ बघून दात काढले. त्यांच्या मागण्यांत हा कायदा नीट राबवा हेही होतं, ते कुणी पुढे पाठवलं नाही.

दादाचं लग्न शेवटी फारकत झालेल्या मुलीशी झालं. आत्याचं तेव्हाचं वाक्य, "एक घर मोडून आलेली दुसरं काय टिकवणार?" सहा वर्षं झाली. वहिनीचा पहिला नवरा नोकरीवालाच होता हो. पगार सासूच्या हातात, हिने रिक्षाला वीस रुपये मागून घ्यायचे. तिच्या वडिलांनी तिला परत पाठवलं नाही, एवढंच तिचं नशीब. आत्याच्या पिढीची लग्नं टिकली म्हणतात. माहेरचं दार बंद असल्यावर टिकणारच की!

वहिनीने आधीच दोन गोष्टी सांगितल्या होत्या. न्हाणी-संडास घरात हवा, आणि पहाटेच्या धारा दादाने काढायच्या. उसाच्या बिलातून न्हाणी झाली, दोन म्हशी विकल्या. आई आठ दिवस बोलत नव्हती. आता गुडघे दुखतात म्हणून तीच न्हाणी आधी तिला लागते.

हे पाणी असलेल्या भागातलं सांगतेय. कोरडवाहू गावात न्हाणी बांधून भागत नाही, तिथे वर्षाचं पीकच भरवशाचं नसतं. शिवाय पोटजात सोडायची नाही आणि मुली मिळत नाहीत म्हणून रडायचं, हेही आहेच. आमच्या घरानेसुद्धा सोडली नाही.

परवा आत्याचा फोन होता. वहिनीची कुणी मावसबहीण लग्नाची आहे का? फारकत झालेली असली तरी चालेल म्हणे. आहे एक. तिला अजून विचारलेलं नाही.