आधी बाळाची नोंदणी, मग वहिनींचा अर्ज

तुमच्या जर्मन पत्नीला, म्हणजे वहिनींना, भारतीय नागरिकत्व कसे मिळेल असे तुम्ही विचारलेत; पण त्याची घाई करण्याआधी म्युनिकमध्ये जन्मलेल्या तुमच्या बाळाचे पाहा, कारण परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आई-वडिलांना लिहून द्यावे लागते आणि मुदत उलटली की केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. प्रवासाच्या सोयीसाठी आधी जर्मन पासपोर्ट काढून मोकळे होऊ नका.

भारतीयाशी लग्न केल्याने नागरिकत्व आपोआप मिळत नाही. १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमातील कलम ५ नुसार अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षे भारतातील वास्तव्य लागते. माझ्या पत्नीच्या वेळी आम्ही कोथरूडच्या घरी पासपोर्टवरचे शिक्के एकेक करून शंभरपानी वहीत उतरवले, तेव्हा शेवटच्या वर्षातली माहेरची दीड महिन्याची सुट्टी नेमकी आडवी आली आणि अर्ज लांबला. (चूक माझीच, तिकिटे मीच काढली होती.) ती वही तुम्ही आजच सुरू करा.

अर्ज ऑनलाइन भरला, तरी पुढील चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयामार्फतच होते. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा वहिनींना जर्मन नागरिकत्व सोडायचे नसेल, तर नोंदणीकृत विवाहाला दोन वर्षे झाल्यावर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड घ्यावे; नाव तसे असले, तरी ते पूर्ण नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही आणि मुळशीत शेतजमीनही विकत घेता येत नाही, एवढे मात्र त्यांना आधीच सांगून ठेवा.