पीएचडीसाठी बाहेरची फेलोशिप नेमकी कुठे शोधायची?

विद्यापीठाचा निधी पुरत नसेल तर बाहेरच्या फेलोशिपचा शोध सर्च इंजिनवरून सुरू करू नका. तुमच्या विषयातले अलीकडचे प्रबंध उघडा आणि ऋणनिर्देशाचं पान वाचा. फील्डवर्कला पैसे कोणी दिले, प्रवासखर्च कोणी उचलला, हे तिथे नावानिशी असतं. शोधनिबंधाच्या शेवटीही तेच, अनेकदा अनुदान क्रमांकासकट. तुमच्यासारख्या कामाला खरोखर पैसे देणाऱ्यांची यादी अशी आयती हाती लागते.

मग पात्रता बघा, आणि तीही अर्जाला हात लावण्याआधी. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची ग्रॅज्युएट फेलोशिप परदेशी विद्यार्थ्याला व्हिसावर असताना मिळत नाही. मानववंशशास्त्रातल्या वेनर-ग्रेन फाउंडेशनच्या प्रबंध-अनुदानाला मात्र नागरिकत्वाची अट नाही. जर्मनीला जायचं असेल तर डाडची (DAAD, जर्मन शैक्षणिक विनिमय संस्था) शिष्यवृत्ती-सूची चाळा. विद्यापीठाने पिव्होटसारखा (Pivot) अनुदानं शोधायचा डेटाबेस घेतला असेल तर ग्रंथालयात विचारा.

छोटी अनुदानं सोडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. विषयाच्या संघटना परिषदेच्या प्रवासाला किंवा अभिलेखागारातल्या कामाला थोडे पैसे देतात. तिथे अर्जही तुलनेने कमी येतात, आणि एक अनुदान नावावर लागलं की पुढचा परीक्षक तुमच्याकडे जास्त विश्वासाने बघतो.

अर्ज वाचणारा बहुधा तुमच्या उपशाखेतला नसतो. त्यामुळे संशोधनाचा प्रश्न पहिल्याच परिच्छेदात, साध्या भाषेत येऊ द्या. शिफारसपत्रासाठी महिनाभर आधी सांगा.

फेलोशिप स्वीकारण्यापूर्वी विभागाला लेखी विचारा: बाहेरचे पैसे आले की आमचा स्टायपेंड कापणार का? काही ठिकाणी कापतात.