तुमची पत्रं, माझी वही

मागच्या अंकात मी माझ्या एका जुन्या वहीबद्दल लिहिलं होतं. १९७६ ते १९८४ या काळात, मिरजेत शाळा-कॉलेजात असताना, रेडिओवर ऐकलेलं आवडतं गाणं, भाड्याने आणलेलं कॉमिक आणि पाहिलेला सिनेमा मी तारीख घालून त्या वहीत लिहीत असे. गायिका, नटी, कॉमिकमधली नायिका, जी आवडली तिचं नाव वहीत गेलंच पाहिजे, असा माझा नेम होता. त्या लेखावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तर देते.

तुमच्या वहीत सुमन कल्याणपूर यांची इतकी गाणी आहेत. पण त्यांचा आवाज लताबाईंसारखाच नाही का? मग वेगळं नाव कशाला लक्षात ठेवायचं?
*– एक वाचक, लातूर*

हा प्रश्न मला आजवर अनेकांनी विचारलाय आणि दरवेळी तितकंच वाईट वाटतं. तुमच्यावर राग नाही, कारण एके काळी मीही हेच केलं होतं. वहीच्या चौथ्या पानावर 'न तुम हमें जानो' हे गाणं लिहिलंय. चित्रपट 'बात एक रात की', संगीत सचिनदेव बर्मन. या गाण्याची दोन रूपं आहेत, एक हेमंतकुमारांचं आणि एक सुमनताईंचं. मी बाईचा आवाज ऐकला आणि बिनदिक्कत 'लता मंगेशकर' लिहून मोकळी झाले. आमच्याकडे राहणारी आत्या गाणं शिकलेली होती. तिने वही चाळली, लताबाईंचं नाव तांबड्या पेन्सिलीने खोडलं, वर 'सुमन कल्याणपूर' लिहिलं आणि मला म्हणाली, "दुसऱ्याच्या मेहनतीवर भलतंच नाव घालू नये." ती तांबडी रेघ अजून तशीच आहे.

मग तिने मला ऐकायला शिकवलं. ओळीचा शेवटचा शब्द कसा सुटतो तेवढंच ऐक, म्हणाली. सुमनताई तो शब्द फार जपून सोडतात. रात्री दार लावताना घरातलं कुणी जागं होऊ नये म्हणून आपण कडी हाताने धरतो ना, तसं. एकदा ते कानात बसलं की पुन्हा चूक होत नाही. 'केतकीच्या बनी तिथे' लावून बघा. शब्द अशोकजी परांजपे यांचे, चाल अशोक पत्की यांची. त्यातला 'मोर' शब्द जिथे विरतो तिथे क्षणभर थांबा.

आणि हा घोटाळा का झाला तेही सांगते. १९६०च्या दशकात गाण्याच्या रॉयल्टीवरून लताबाई आणि रफीसाहेब यांच्यात मतभेद झाले आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. त्या काळात रफींबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं सुमनताईंकडे आली. 'जब जब फूल खिले'मधलं 'ना ना करते प्यार' १९६५चं, 'ब्रह्मचारी'मधलं 'आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे' १९६८चं. लग्नाच्या वरातीत आजही वाजणारी ही गाणी निम्म्या लोकांना लताबाईंचीच वाटतात. ढाक्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या या गायिकेला २०२३ साली पद्मभूषण मिळालं, तेव्हा त्या ८६ वर्षांच्या होत्या. माझी आत्या तोवर हयात नव्हती. त्या दिवशी मी वहीचं चौथं पान उघडून बसले होते.

बाबा सारखे इंद्रजाल कॉमिक्सबद्दल बोलतात. वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर, सगळे पुरुषच! मुलगी म्हणून तुम्हाला त्यात काय सापडायचं?
*– बारावीतली एक वाचक, नाशिक*

बरं झालं विचारलंस. आमच्या स्टेशन रोडला एक दुकान होतं. दोरीला चिमटे लावून कॉमिक्स टांगलेली असायची. तिथेच बाकावर बसून वाचायचं तर दहा पैसे, घरी न्यायचं तर वीस. बाकावर सगळी मुलंच असायची, म्हणून मी वीस पैसे देऊन घरी आणायची आणि माळ्यावर बसून वाचायची. वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'च्या, दोन ठोशांमध्ये काय घडतं, त्याकडे माझं लक्ष असायचं.

वेताळाची प्रेयसी डायना पामर घे. ली फॉक यांनी वेताळाची चित्रमालिका १९३६च्या फेब्रुवारीत सुरू केली आणि डायना पहिल्याच कथेपासून त्यात आहे. त्या कथेत ती चक्क मुष्टियुद्ध खेळते. पुढे ती पाण्यात सूर मारण्यात पटाईत होते, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करते, एकटी विमानाने देशोदेशी जाते. आमच्या गल्लीतल्या एकाही बाईला तेव्हा मी एकटीने पुण्यालासुद्धा जाताना पाहिलं नव्हतं. वेताळाने तिला लग्नाचं विचारायला १९७७ साल उजाडलं, म्हणजे एकेचाळीस वर्षं! तेवढ्या काळात ती खिडकीत बसून वाट बघत राहिली नाही, कामाला जात राहिली. मला तिचं हेच फार आवडायचं. जादूगार मॅन्ड्रेकची राजकन्या नार्डा मात्र माझ्या मनात कधी शिरली नाही. तिची चित्रं देखणी, पण बऱ्याचदा कुणीतरी तिला पळवून नेणार आणि मॅन्ड्रेक सोडवणार.

पण माझी खरी लाडकी बेला. इंद्रजाल १९६४ साली टाइम्सच्या प्रकाशनसंस्थेने सुरू केलं ते परदेशी नायकांच्या जोरावर. आपल्या मातीतला बहादूर आला १९७६ साली. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. बहादूर हा डाकूचा मुलगा, बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला. पोलीस अधिकारी विशाल त्याला सांभाळतो आणि पुढे हाच मुलगा डाकूंविरुद्ध नागरिक सुरक्षा दल उभं करतो. अंगात कुर्ता, खाली जीन्स. बेला त्याची मैत्रीण आणि दलातली बरोबरीची सोबती. ती कराटे जाणते, मोटारसायकलवर मागे बसली तरी डोळे रस्त्यावर ठेवते आणि वेळ आली की बहादूरच्या आधी उडी घेते. मुख्य म्हणजे ती वेताळाच्या डेंकालीच्या जंगलात किंवा न्यूयॉर्कमध्ये राहत नाही. जयगढ हे गाव कल्पनेतलं, पण तिथली विहीर, तिथली धूळ, तिथले बाजाचे पलंग मला ओळखीचे होते. दलाच्या बैठकीत बेला पुरुषांच्या रांगेत बसलेली दिसली की मी ते चित्र पुन्हापुन्हा बघायची. आमच्या घरी बैठकीच्या खोलीत पाहुणे आले की बायका स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहत.

कथेवर नाव मात्र बहादूरचं. म्हणून माझ्या वहीत बहादूरच्या प्रत्येक अंकाची नोंद 'बेला' या नावाखाली आहे. इंद्रजाल १९९० साली बंद झालं, एकूण ८०३ अंक निघाले. बाबांना विचार, त्यातले त्यांच्याकडे किती शिल्लक आहेत. आणि अमर चित्र कथेतली झाशीची राणी, चांदबीबी, अहिल्याबाई यांच्याबद्दल विचारशील तर, त्याही वाचल्या, पण त्या शाळेच्या धड्यातून आधीच ओळखीच्या होत्या. बेला मला माझी मी सापडली होती.

स्मिता पाटील की रंजना? एकच नाव सांगा.
*– एक वाचक, बेळगाव*

एकच नाव सांगणार नाही, माफ करा. दोघी १९५५ सालच्या. दोघींचीही कारकीर्द अर्ध्यावर तुटली.

स्मिता मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगायच्या. आमच्या मिरजेत तेव्हा टीव्ही नव्हता, सुट्टीत दादरला मावशीकडे गेले की बघायला मिळायचं. 'उंबरठा' १९८२ साली आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, जब्बार पटेलांचा सिनेमा. मी अठरा वर्षांची होते, आत्याबरोबर पाहिला. सुधारगृहाची अधीक्षक म्हणून काम करणारी सुलभा घरी परत येते आणि घरात तिची जागा राहिलेली नसते, त्या प्रसंगात स्मिताबाई काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. शेजारी आत्याने पदर तोंडाला लावला होता. आत्या सासर सोडून आलेली होती, हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या अंधारात कळला. घरी येताना आम्ही दोघी टांग्यात गप्प होतो. वहीत मी त्या दिवशी फक्त नाव आणि तारीख लिहिली आहे.

स्मिताबाईंकडे जाणारा अजून एक धागा मला फार प्रिय आहे. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला, पुण्याच्या विजयानंद थिएटरात अडीच वर्षांच्या आसपास चालला. त्यात जयश्री गडकर होत्या, 'बुगडी माझी सांडली गं' आशाबाईंच्या आवाजात त्यांच्यावरच चित्रित झालं, आणि हंसा वाडकरही होत्या. पुढे हंसाबाईंनी आपलं आत्मचरित्र सांगितलं, त्याला नाव दिलं 'सांगत्ये ऐका'. त्या आत्मचरित्रावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' केला आणि त्यात हंसाबाईंवर बेतलेली नटी उभी केली स्मिता पाटील यांनी. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एका नटीने आपलं आयुष्य स्वतःच्या तोंडाने सांगितलं, म्हणून दुसरीला ही भूमिका मिळाली.

आता रंजना. त्यांचं नाव निघालं की लोक लगेच 'अशोक सराफ यांच्याबरोबरची' म्हणतात. 'बिन कामाचा नवरा' आणि 'गुपचूप गुपचूप' मीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसून पाहिलेत, ती जोडी होतीच तशी. पण व्ही. शांताराम यांची 'चानी' १९७७ची, खानोलकरांच्या कादंबरीवरची, ती पण पाहा. आणि 'अरे संसार संसार' पाहा. 'काळ्या मातीत मातीत' हे विठ्ठल वाघांचं गाणं वाजतं तेव्हा शेतातल्या रंजनाबाईंचे हात बघा. माझं आजोळ शेतीचं. पेरणी करणारे हात मी लहानपणापासून पाहिलेत. नटीने साडी गुडघ्यावर खोचली म्हणजे शेतकरीण होत नाही. रंजनाबाईंच्या हातात बियाण्याचं वजन दिसतं.

१९८७ साली शूटिंगला जाताना झालेल्या अपघाताने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. तशाही स्थितीत त्या पुन्हा रंगमंचावर आल्या. ३ मार्च २००० रोजी गेल्या, पंचेचाळिशीही पुरी झाली नव्हती. म्हणून म्हणते, एक नाव मागू नका.

जुनी कॉमिक्स सांभाळायची कशी? माझ्याकडे मराठी इंद्रजालचे चाळीसेक अंक आहेत, पानं पिवळी पडताहेत.
*– एक वाचक, सोलापूर*

पिवळी पडणारच, तो कागद स्वस्तातला आहे. पण तुकडे पडू नयेत एवढं करता येतं. आधी मधल्या पिना बघा. गंजल्या असतील तर चाकूच्या टोकाने सरळ करून अलगद काढा आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून गाठ मारा. गंजाचा डाग रोज थोडा पसरतो, म्हणून हे काम आधी. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका. माझ्या तीन अंकांवर तिचे तपकिरी पट्टे कायमचे उमटलेत. अंक आडवे ठेवा, दहा-दहाचे गठ्ठे, मध्ये कोरा पांढरा कागद. कपाटात वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला. पावसाळा संपला की एकदा सावलीत वारं द्या, उन्हात नको.

आईला आता माणसांची नावं आठवत नाहीत. तुमच्या लेखातलं 'निंबोणीच्या झाडामागे' मी तिला वाचून दाखवलं आणि तिने पुढची ओळ म्हटली. तिच्यासाठी काय काय लावू?
*– एक वाचक, बडोदा*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. 'निंबोणीच्या झाडामागे' हे १९७७च्या 'बाळा गाऊ कशी अंगाई'मधलं, मधुसूदन कालेलकर आणि एन. दत्ता यांचं. तुम्ही पाळण्यात असताना किंवा तुमच्या धाकट्या भावंडासाठी आईंनी ते म्हटलं असेल.

माझ्या आत्याचीही शेवटची तीन वर्षं अशीच गेली, त्या अनुभवावरून सांगते. आईंच्या वीस-पंचवीस वर्षांच्या वयातली गाणी शोधा. मोठ्या स्पीकरवर लावू नका, जवळ बसून हळू आवाजात लावा. एका वेळी दोन गाणी पुरेत. आणि "ओळख पाहू, कुणाचं आहे?" असं मात्र विचारू नका. मी विचारायची आणि आत्याचा चेहरा कावराबावरा व्हायचा. मग मीच सांगायला लागले, "आत्या, सुमनताईंचं लावते हं." ती मान हलवायची आणि 'मोर' आला की बोट वर करायची.

वही सोडून त्या काळातलं अजून काय जपलंय?
*– एक वाचक, इचलकरंजी*

बहादूरचा एक अंक, मुखपृष्ठ नसलेला. १९८१ साली वर्गातल्या एका मैत्रिणीला दिला होता, परत आला तेव्हा वरची दोन पानं गेलेली होती. त्यामुळे कथेचं नाव नाही, अंकाचा क्रमांक नाही. कथा सुरू होते तीच बेला मातीच्या भिंतीवरून अंगणात उडी टाकते तिथून. तिच्या एका पायातली चप्पल निसटलेली आहे. कुणाकडे हा मराठी अंक पूर्ण असेल तर अंक पाठवू नका, तो तुमचाच राहू दे. मुखपृष्ठाचा एक फोटो संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. वहीत त्या नोंदीपुढे अंकाच्या नावाची जागा मी रिकामी सोडली आहे.