१६५/८० आर१४ म्हणजे नेमकं काय? : वाचकांचे प्रश्न टायर आणि रिमबद्दल

प्रश्न : माझ्या स्विफ्टच्या टायरवर १६५/८० आर१४ ८५टी असं लिहिलं आहे. टायरवाला म्हणतो, १६५ ही उंची. शेजारचे काका म्हणतात, वजन. खरं काय? आणि नवे टायर घेताना यातलं काय बदललेलं चालतं?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : दोघांचंही चुकलं. १६५ ही टायरची रुंदी आहे, मिलिमीटरमध्ये. तीही रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची नाही. टायर योग्य रिमवर चढवून हवा भरल्यावर एका साइडवॉलपासून (टायरच्या बाजूच्या भिंतीपासून) दुसऱ्या साइडवॉलपर्यंत जेवढी भरते तेवढी. म्हणून नक्षीवर टेप धरला तर आकडा कमीच येतो, आणि लोकांना वाटतं दुकानदाराने फसवलं.

पुढचे ८० हे टक्के आहेत. साइडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. ‘आर’ म्हणजे रेडियल. आतले दोरे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे आडवे सरळ गेलेले असतात. या ‘आर’चा रेडियसशी काही संबंध नाही. १४ हा रिमचा व्यास आहे, इंचांत.

आता पूर्ण चाकाची उंची काढा. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी, त्यात वरची आणि खालची साइडवॉल मिळून २६४. बेरीज ६१९.६. हा आकडा कागदावर लिहून गाडीच्या खणात ठेवा. टायरवाला दुसरा साइज सुचवेल तेव्हा त्याचा असाच हिशेब करून ताडून पाहायचं.

८५ हे किलो नाहीत, वजनाच्या तक्त्यातला क्रमांक आहे, म्हणजे लोड क्रमांक. ८५ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५१५ किलो. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किमी. ठाणे-बेलापूर रोडला १९० कोण चालवतंय, असं म्हणून खालचं अक्षर घेऊ नका. ते अक्षर वेगाइतकंच टायर किती ताप सोसतो हेही सांगतं. मे महिन्यात पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन नाशिकला जाताना टायरची परीक्षा होते ती तापाचीच. वरचं अक्षर चालेल, खालचं नको. लोड क्रमांकालाही हाच नियम.

बदल करायचाच तर सगळ्यात सोपी वाट म्हणजे तुमच्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कंपनीने काय दिलंय ते पाहणं. स्विफ्टच्या वरच्या प्रकारांना १८५/६५ आर१५ येतात. हिशेब करा : १२०.२५ च्या दोन साइडवॉल आणि ३८१ चं रिम, एकूण ६२१.५. रिम एक इंचाने वाढलं, पण चाकाची उंची दोन मिमीसुद्धा वाढली नाही. साइज बदलणं म्हणजे हे. चालकाच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर चालणारे साइज आणि हवेचं प्रेशर दोन्ही दिलेलं असतं. तो आधी वाचा.

टायर हातात आला की ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे बघायला विसरू नका. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ओळ अर्धीच दिसली, आकडे नसले, तर टायर उलटवा. ते दुसऱ्या बाजूला असतात.

प्रश्न : याच साइजच्या गाडीला १६ इंची अलॉय बसवायचे आहेत. दुकानदार १९५/५० आर१६ देतो आहे, लोड क्रमांक ८४. जुन्या रिमवर ५जे आणि ईटी४५ आहे, नव्यावर ६.५जे आणि ईटी३८. “डोळे झाकून घ्या,” म्हणतो. रोजचा प्रवास घोडबंदर रोडने.
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर : डोळे उघडे ठेवून हिशेब करू.

उंची : ९७.५ च्या दोन साइडवॉल आणि ४०६.४ चं रिम, एकूण ६०१.४ मिमी. मूळ चाकापेक्षा १८ मिमी कमी, जवळपास तीन टक्के. फरकाच्या निम्मी, म्हणजे नऊ मिमी, गाडी खाली बसेल. लोड : ८४ म्हणजे ५०० किलो, मूळ टायर ५१५ चा. इथेच हा साइज बाद होतो. पंधरा किलोंनी काय होतंय, असं वाटेल; पण कंपनीने ठरवलेल्या खालच्या मर्यादेच्याही खाली जाण्याचं कारणच काय?

आणि हे दोन्ही बाजूला ठेवलं तरी साइडवॉल उरते. ती १३२ वरून ९७.५ वर आली, साडेचौतीस मिमी गेली. गायमुखच्या घाटात पावसाने उखडलेल्या खड्ड्याची धार चाकाला लागते तेव्हा रिम वाचतं ते याच रबराच्या उंचीमुळे. साइडवॉल दबते, धक्का खाते, परत उभी राहते. ती आखूड असली की खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यात चिमटली जाते. मग आतले दोरे तुटतात, नाहीतर रिम जातं. पत्र्याचं रिम वाकतं, आणि थोडं वाकलेलं सरळही होतं. अलॉय बऱ्याचदा तडकतं. तडकलेलं अलॉय वेल्डिंग करून देणारे भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. त्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूची ताकद बदलते, आणि पुढची तड वेल्डिंगच्या शेजारून जाते.

आता ईटी. रिमची मध्यरेषा आणि हबला (ज्यावर चाक नटांनी आवळतात त्या भागाला) टेकणारा पृष्ठभाग यांतलं मिलिमीटरचं अंतर म्हणजे ईटी. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. ‘जे’च्या आधीचा आकडा म्हणजे रिमची रुंदी, इंचांत. तुमचं रिम दीड इंचाने रुंद होतंय, म्हणजे दोन्हीकडे एकोणीस-एकोणीस मिमी. ईटी सातने घटला. बाहेरची कड १९ अधिक ७, म्हणजे २६ मिमी बाहेर. आतली कड १९ उणे ७, म्हणजे १२ मिमी सस्पेन्शनच्या जवळ. एकट्याने चालवताना काही जाणवणार नाही. मागे तिघं बसले आणि स्पीडब्रेकर आला की टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासेल. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढचं चाक आतल्या लायनरला लागतं का, हेही बघावं लागेल. शिवाय चाक बाहेर गेलं की व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे स्टीअरिंग ओढलं जातं.

आमचं मत विचाराल तर १५ इंच, १८५/६५, साडेपाच इंचाचं रिम, ईटी मूळ आकड्याच्या पाच मिमी आत-बाहेर. दिसायलाही वाईट नाही. अलॉय बसवण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद नको.

प्रश्न : जुन्या बाजारातून अलॉय घेतले. पीसीडी (नटांच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ४ × १०० जुळतो, रिम बॅलन्सिंग मशीनवर सरळ फिरतात. तरी सायन-पनवेल हायवेवर ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं. तीनदा बॅलन्सिंग केलं. गाडी मारुतीचीच, स्विफ्ट.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : चौथ्यांदा करू नका, दोष तिथे नाही. रिमच्या मधल्या भोकाचं माप घ्या. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमीचा असतो. बाजारातल्या अलॉयचं भोक बऱ्याचदा ७३.१ चं, म्हणजे एकच रिम वेगवेगळ्या गाड्यांना बसावं. मूळ रिम त्या उंचवट्यावर घट्ट बसून आपोआप मध्यावर येतं. तुमच्या रिमभोवती मात्र साडेनऊ मिमीची फट आहे आणि ते फक्त चार नटांच्या भरवशावर लटकलंय. गाडी जमिनीवर टेकलेली असताना पोराने एअर गनने पहिला नट करकचून आवळला की रिम त्या बाजूला किंचित सरकून तिथेच अडकतं. मशीनवर रिम शंकूने मध्यावर धरलेलं असतं, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं.

उपाय म्हणजे हब रिंग, बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१. मागवण्याआधी स्वतःच्या रिमचं भोक कॅलिपरने मोजा. अर्ध्या मिमीचा फरकही चालत नाही. बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा. गाडी जॅकवर असतानाच चारही नट हाताने फिरवा, मग पान्याने समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा, गाडी खाली उतरवा आणि शेवटचा ताण टॉर्क पान्याने द्या. आकडा गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

नटही बघा. मारुतीचे स्टड (नट ज्यावर बसतात ते हबवरचे बोल्ट) १२ × १.२५, ह्युंदाईचे १२ × १.५; पहिला आकडा जाडी, दुसरा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दोन्ही मिमीत. चुकीचा नट दोन फेरे सरळ जातो आणि मग अडतो. तिथे एअर गन चालवली की स्टडचे आटे गेलेच. बरोबर नट असेल तर स्टडच्या जाडीइतका, म्हणजे १२ मिमी आत जायला हवा. १.२५ पिचला हे साधारण नऊ-दहा फेरे होतात. हाताने मोजता येतात. अलॉयचे नट शंकूच्या टोकाचे की गोल टोकाचे, हे रिमच्या खाचेप्रमाणे ठरतं. आणि स्टेपनी पत्र्याचीच ठेवली असेल तर तिचे चार जुने नट डिकीत पिशवीत बांधून ठेवा. भर पावसात शिळफाट्याला चाक बदलताना ते आठवतात.

थरथर फक्त सीटमध्ये जाणवत असेल तर मागची चाकं तपासा. जुनी पत्र्याची चाकं घरात असतील तर ती पुढे लावून एक फेरी मारा, निकाल लगेच लागतो. आणि हे सगळं बघताना रिमची आतली बाजूही उजेडात धरा. एखाद्याच स्पोकवर ताजा रंग दिसला तर तो खरवडून बघा, खाली वेल्डिंग असू शकतं.

प्रश्न : वॅगनआरला १५५/८० आर१३ टायर आहेत. सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर खाली लागतो. १६५/८० आर१४ लावले तर गाडी उचलेल का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : उचलेल, वीस मिमी. ५७८ ची उंची ६२० होते, त्या फरकाच्या निम्मी. पण सात टक्के मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर सात टक्के लांब. पारसिकच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरची मागणी करेल. मीटर ८० दाखवेल तेव्हा तुम्ही ८५-८६ वर असाल. किलोमीटरही कमी मोजले जातील, म्हणजे मायलेज पडल्यासारखं वाटेल आणि ऑइल बदलायला उशीर होईल. मडगार्डला घासणं वेगळंच. त्याच गाडीच्या मोठ्या इंजिनाला कंपनीने १६५/७० आर१४ दिलेत, ५८६.६ मिमी. त्यात चार मिमी मिळतात, तेही रिम बदलून. आधी मागच्या स्प्रिंगा बसल्यात का ते दाखवा, आणि सेक्रेटरींना स्पीडब्रेकरची उंची मोजायला सांगा.

प्रश्न : खड्ड्यात आपटून पुढच्या टायरला साइडवॉलवर फुगा आला. आतून पॅच मारून देतो म्हणतात. बाकी टायर निम्मे घासलेत.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नको. फुगा म्हणजे आतले दोरे तुटले आणि हवा फक्त रबराने अडवली आहे. पॅच भोक बुजवतो, दोरे जोडत नाही. गाडी घरी न्यायची तर स्टेपनी लावून न्या. पंक्चरसुद्धा नक्षीच्या मधल्या भागातलं आणि सहा मिमीपर्यंतचं असेल तरच काढायचं, तेही टायर उतरवून आतून मशरूम पॅचने.

एका अ‍ॅक्सलवर जोडी सारखी हवी, म्हणून दोन टायर घ्या. पुढची चाकं गाडी ओढतात म्हणून नवे पुढे लावायची पद्धत आहे, पण नवे मागे लावा. पाणी साचलेल्या वळणावर मागची पकड आधी सुटली तर गाडी गिरकी घेते, आणि तिथून ती सावरणं फार थोड्यांना जमतं. पुढची सुटली तर गाडी सरळ सरकते. पाय ढिला केला की बहुधा पुन्हा हातात येते.

कायद्याने नक्षी १.६ मिमी पुरते. खोबणीतल्या छोट्या उंचवट्यांशी रबर समपातळीत आलं की टायर संपला. आपल्याकडच्या पावसाला मात्र ३ मिमीला बदललेले बरे. पाणी बाहेर फेकायला त्या खोबणीशिवाय टायरकडे दुसरं काही नसतं.

प्रश्न : नायट्रोजन भरावा का? आणि दुकानात ४० पीएसआयपर्यंत हवा भरतात, ते बरोबर का?
– एक वाचक, कामोठे

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या, पैसे मोजून नको.

४० चं कारण साधं आहे. टायर रिमच्या कडेला नीट बसावा म्हणून नव्या टायरमध्ये दुकानदार आधी जास्त हवा भरतो आणि पुष्कळदा ती तशीच राहते. मग नक्षीचा मधला पट्टा लवकर घासतो आणि गाडी उड्या मारते. हवा कमी असेल तर दोन्ही कडा घासतात. एकच कड, किंवा हात फिरवल्यावर करवतीसारखी लागणारी नक्षी, म्हणजे अलाइनमेंट बिघडलेली. प्रेशर सकाळी, गाडी निघण्याआधी बघा. दर दहा अंशांना साधारण एक ते दीड पीएसआय वाढतं, म्हणून दुपारी अटल सेतू पार करून आल्यावर ३६ दिसलं तर हवा सोडू नका. सकाळी ते पुन्हा ३२-३३ वर आलेलं असेल. आणि स्टेपनीतली हवा महिन्यातून एकदा तपासा.