रायडिंग क्लबच्या पहिल्या ग्रुप राइडमध्ये मागे पडलो तर काय? काय तयारी करून जाऊ?

एकट्याने मोटरसायकल व्यवस्थित चालवता, येत्या रविवारी क्लबबरोबर पहिल्यांदा निघताय, एकूण बारा गाड्या आहेत आणि आपण मागे पडू अशी धास्ती वाटतेय, असं तुम्ही लिहिलंय. ग्रुपमध्ये मागे पडल्याने सहसा काहीच बिघडत नाही. जे बिघडतं ते मागे पडलो म्हणून गाठायला सुटल्यामुळे.

हा हिशोब एकदा नीट बघा. लीडर ताशी ७० किलोमीटरने चाललाय. गतिरोधक आला, तो ३० वर आला, ओलांडून पुन्हा ७० वर गेला. बारावी गाडी त्याच्या मागे साधारण ११ सेकंदांवर असते. ३० च्या वेगात हे ११ सेकंद म्हणजे सुमारे ९० मीटर, ७० च्या वेगात तेच २१० मीटरच्या वर जातात. वेळेच्या हिशोबात कोणीही मागे पडलेलं नाही, पण शेवटच्याला दिसतं ते असं की सगळे पळाले. त्यात प्रत्येक जण पुढच्यापेक्षा अर्धा सेकंद जरी उशिरा रेस देत असला, तरी शेवटापर्यंत साडेपाच सेकंद साचतात, म्हणजे आणखी शंभरेक मीटर. मग शेवटचा १०० ने सुटतो आणि पुढच्या वळणावर नेमका तेव्हा पोचतो, जेव्हा त्याच्या पुढचे ब्रेक दाबत असतात. ते शंभर मीटर भरून काढायला पुढच्यांपेक्षा ताशी १० किलोमीटर जास्त वेग पुरतो. चाळीस सेकंदही लागत नाहीत. तेवढाही वेग तुम्हाला त्या रस्त्यावर झेपणारा नसेल, तर अंतर राहू द्या. अडथळ्यानंतर शेवटची गाडी पार होईपर्यंत वेग हळूहळू वाढवणं हे लीडरचं काम आहे. तो तसं करत नसेल तर दोष त्याचा.

रांग कशी असते? सरळ, मोकळ्या रस्त्यावर स्टॅगर्ड. लीडर लेनमध्ये मध्यरेषेच्या बाजूला, दुसरा कडेच्या बाजूला, तिसरा पुन्हा लीडरच्या सरळ मागे. तिरकस पुढे असलेल्यापासून १ सेकंद, सरळ पुढे असलेल्यापासून २ सेकंद. ८० च्या वेगात १ सेकंद म्हणजे २२ मीटर, म्हणून अंतर नजरेने न जोखता मोजा: सरळ पुढचा एखाद्या खांबापाशी पोचला की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणा, त्याआधी तुम्ही तिथे असता कामा नये. वळणं सुरू झाली, रस्ता ओला किंवा अरुंद झाला, खडी आली, की एकेरी रांग आणि दोन सेकंदांपेक्षा जास्त अंतर. कारण वळणात प्रत्येकाला अख्खी लेन लागते. जोडीने, हँडलला हँडल लावून चालवणारे फोटोत छान दिसतात, पण खड्डा आला तर दोघांनाही गाडी काढायला जागा नसते. वळणात पुढच्याच्या मागच्या दिव्यावर नजर खिळू देऊ नका. तो बाहेर गेला तर तुम्हीही त्याच्यामागे बाहेर जाल.

ओव्हरटेक एकेकट्याने. पुढच्याने हाताने ‘ये’ म्हटलं तरी समोरचा रस्ता स्वतः बघितल्याशिवाय निघू नका. त्याला दिसलेली मोकळी जागा तुम्ही पोचेपर्यंत मोकळी असेलच असं नाही. आणि इथे नवे-जुने सगळेच एक चूक करतात: ट्रक ओलांडला की हुश्श करून वेग कमी करतात. मागून येणाऱ्याला मग आपल्या लेनमध्ये परतायला जागाच उरत नाही, तो समोरच्या वाहतुकीत लटकतो. ओलांडल्यावर दोन-तीन गाड्यांची जागा होईपर्यंत पुढे जात राहा.

मागे पडलेला चुकू नये म्हणून क्लबकडे दोनपैकी एक पद्धत असते. कोणती, ते निघण्याआधी विचाराच. पहिली आरशाची: प्रत्येकाने आपल्या मागच्यावर लक्ष ठेवायचं आणि दिशा बदलताना तो दिसेपर्यंत थांबायचं. पाच-सहा गाड्यांना ही पुरते. त्यापुढे एकाने जरी आरसा बघायचं सोडलं की साखळी तुटते. दुसरी मार्करची, जी बारा गाड्यांना मला जास्त भरवशाची वाटते. फाटा आला की लीडरच्या लगेच मागचा रायडर, म्हणजे मार्कर, तिथे सुरक्षित जागी थांबतो, हाताने दिशा दाखवतो, सगळे गेले आणि स्वीप, म्हणजे ठरवून सर्वांत मागे राहणारा, आला की त्याच्या पुढे रांगेत शिरतो. मार्कर दिसला नाही तर सरळ जायचं, एवढं बाकीच्यांनी लक्षात ठेवायचं.

ही पद्धत फसते ती ठरलेल्या कारणांनी. मार्कर अगदी वळणावर थांबतो, त्यामुळे लोकांना तो वळून गेल्यावर दिसतो. थांबायचं फाट्याच्या अलीकडे, पण रस्त्याबाहेर. स्वीप ओळखू येत नाही, म्हणून मार्कर भलत्याच बाइकवाल्यामागे निघून जातो. स्वीपने भडक जॅकेट घालावं आणि सगळ्यांनी त्याची गाडी आधी बघून ठेवावी. किंवा मागे पंक्चर झालेलं असतं आणि दहा मिनिटं वाट बघून मार्कर कंटाळतो. कंटाळला तरी हलायचं नाही, फोन करायचा. नवख्याला लीडरच्या मागे ठेवण्याची चांगली प्रथा आहे, पण मार्कर पद्धतीत प्रत्येक फाट्यावर क्रम सरकतो, म्हणजे ते काम लवकरच तुमच्यावर येणार. ते समजून घेऊनच निघा, किंवा नको असेल तर स्वीपच्या पुढची जागा मागा.

गाडीची तपासणी आदल्या संध्याकाळी करा. सकाळी काही सापडलं तर दुरुस्तीला वेळच नसतो. टायर थंड असताना हवा, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. चेनचा ढिलेपणा खालच्या बाजूला मधोमध मोजा. बऱ्याच रस्त्याच्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर असतो, पण मॅन्युअल सांगेल तो खरा. मागचं चाक फिरवत तीन-चार जागी मोजा आणि जिथे चेन सर्वांत घट्ट लागते तिथलं माप धरा, नाहीतर सैल जागी बरोबर केलेली चेन दुसरीकडे ताणून बेअरिंग खाते. मागचा दिवा पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ब्रेकने लागतोय का हे वेगवेगळं बघा. एकट्याने फिरताना हे चालून जातं, रांगेत मागच्याचा सगळा भरवसा त्या दिव्यावर असतो.

पेट्रोल भरूनच जमण्याच्या जागी या. पुढचे थांबे सर्वांत लहान टाकीवाल्याच्या पल्ल्यावर ठरतात: १० लिटरची टाकी, लिटरला ३० किलोमीटर, म्हणजे ३००, त्यातले २०० धरून पंप गाठायचा. पंपावर थांबलं की सगळ्यांनी भरायचं, अर्धी टाकी असली तरी. नाहीतर पुढच्या तासाभरात पुन्हा कोणाला तरी थांबायचं असतं, आणि बारा गाड्यांना गाडीमागे दोन मिनिटं धरली तरी चोवीस मिनिटं जातात.

हत्यारं आणि प्रथमोपचाराची पेटी स्वीपकडे हवी, लीडरकडे नको. बंद पडलेल्या गाडीपाशी स्वीप आपोआप पोचतो, लीडरला मागे फिरून यावं लागतं. तुमच्या टायरात ट्यूब आहे की ट्यूबलेस, ते त्याला आधीच सांगा. ट्यूबलेसला प्लगचं किट आणि छोटा पंप पुरतो. तारांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते, मग तुमच्या मापाची ट्यूब, टायर लिव्हर आणि ॲक्सलला बसणारा पाना तुम्हीच जवळ ठेवायचा. कोणाची गाडी बंद पडली तर स्वीप आणि फार तर आणखी एक जण थांबतो, बाकीचे पुढच्या ठरलेल्या थांब्यावर जातात. दहा गाड्या रस्त्याच्या कडेला गोळा झाल्या की मदत कमी आणि धोका जास्त.

मध्येच घरी परतायचं असेल तर थांब्यावर स्वीपला सांगून निघा. न सांगता गळालात तर तो तुम्हाला शोधत मागे जाईल, आणि कुठल्यातरी फाट्यावर मार्कर त्याची वाट बघत उभा राहील.