पेलेट स्टोव्ह राहू द्या, आधी एनआरई ठेवीचं बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: न्यू हॅम्पशायरमध्ये नॅशुआजवळ आमचं स्वतःचं घर आहे. मी ३८ वर्षांचा, एच-१बीवर, घरी पत्नी आणि एक मुलगी. घर तेलाच्या बॉयलरवर तापतं. गेल्या हिवाळ्यात ७०० गॅलन तेल लागलं, गॅलनला ३.६० डॉलर पडले. ओळखीचे एक गृहस्थ १२ वर्षं वापरलेला पेलेट स्टोव्ह १,२०० डॉलरला देत आहेत. त्यांच्या मते बिल निम्म्यावर येईल. घ्यावा का? पैशांची अडचण नाही. पुण्यात ४० लाखांची एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) एफडी आहे, ७ टक्के, पूर्ण टॅक्स-फ्री, त्या व्याजातून भागेल. त्याच बँकेतून २०२२ च्या दिवाळीनंतर यूलिपही (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) घेतली आहे, वर्षाला ३ लाख. चार हप्ते भरले, पाचवा या नोव्हेंबरात.

स्टोव्हचं उत्तर पटकन देतो, कारण तो तुमचा खरा प्रश्न नाही.

पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या कांड्या. तुमच्याकडे जॅफ्रीलाच कारखाना आहे, तेव्हा माल मिळायची अडचण नाही. पण एक टन पेलेट साधारण ११० ते ११५ गॅलन तेलाइतकी ऊब देतं, जास्त नाही. दिवाणखान्यातला एक स्टोव्ह वरच्या मजल्यावरच्या खोल्या तापवत नाही, म्हणून तो ६० टक्के तेल वाचवेल असं धरू. ४२० गॅलन, म्हणजे १,५०० डॉलर. त्या बदल्यात पावणेचार टन पेलेट लागतील. टनाला ३५० डॉलर धरले तरी १,३०० झाले. पंखे, मोटर आणि इग्नायटर विजेवर चालतात, त्याचे शंभरेक. उरले १००. निम्मं बिल म्हणे!

त्यात जुना स्टोव्ह नुसता आणून ठेवता येत नाही. धुराची नळी, खाली अग्निरोधक पाट, बसवणाऱ्याची मजुरी असे आणखी हजार-दीड हजार डॉलर जातील. बहुतेक गावांत परमिट लागतं, तपासणीला येणारा माणूस स्टोव्हवरची चाचणीची पट्टी आणि मॅन्युअल मागतो. घराच्या विमा कंपनीला न कळवता बसवलात तर आगीचा क्लेम अडकू शकतो. सरकारी टॅक्स क्रेडिट वापरलेल्या स्टोव्हला कधीच नव्हतं, नव्यावरचंही ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं. आणि पावणेचार टन म्हणजे १८-१८ किलोच्या जवळजवळ १९० पिशव्या. त्या जानेवारीत बर्फातून गॅरेजपासून आत आणायच्या, पेलेट जळतात त्या बर्नपॉटमध्ये धरलेला काचेसारखा खडा खरवडायचा, राखेचा ट्रे रिकामा करायचा. वीज गेली की स्टोव्ह बंद. वर्षाला शंभर डॉलरसाठी ही हमाली कोण करतं?

तेल पुन्हा २०२२ सारखं पाच डॉलरच्या वर गेलं तर गणित बदलेल, वर्षाला सातशेपर्यंत वाचतील. म्हणून स्टोव्ह वाईट नाही. पण १२ वर्षांच्या यंत्रात पैसे घालून तेल महागायची वाट बघणं ही गुंतवणूक नव्हे. ज्योत बघायची हौस असेल तर हौस म्हणून घ्या. मात्र विकणाऱ्याला तो तासभर तुमच्यासमोर पेटवून दाखवायला सांगा. बिल कमी करायचं असेल तर आधी माळ्याचं इन्सुलेशन बघा. एनएचसेव्ह्‌ज या वीज-गॅस कंपन्यांच्या ऊर्जाबचत योजनेतून घराची तपासणी होते आणि कामावर अनुदानही मिळतं.

आता तुम्ही न विचारलेलं.

‘पूर्ण टॅक्स-फ्री’ हे शब्द तुम्हाला पुण्याच्या बँकेत कुणीतरी सांगितले आणि तुम्ही ते सोबत अमेरिकेत घेऊन गेलात. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त आहे, बरोबर. पण तुम्ही कराच्या दृष्टीने अमेरिकेचे रहिवासी आहात, त्याला ग्रीन कार्ड लागत नाही, आणि अमेरिका रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते. ४० लाखांवर ७ टक्के म्हणजे २ लाख ८० हजार, डॉलर ९० रुपये धरला तर ३,१०० डॉलर. २२ टक्क्यांच्या टप्प्यात वर्षाला सुमारे ७०० डॉलर कर. भारतात काहीच कापलं गेलं नाही, त्यामुळे वजावटीला क्रेडिटही नाही. व्याज एफडीतच साचत असेल, हातात आलं नसेल, तरी ते दरवर्षी दाखवायचं असतं. अमेरिकेच्या रिटर्नमध्ये ते धरल्याचा पत्रात कुठे उल्लेख नाही. माझा अंदाज, ते धरलेलं नाही.

कर तरी किरकोळ. खरी भीती एफबारची. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एका दिवशीही १०,००० डॉलरच्या वर गेली की फिनसेन या अमेरिकी अर्थखात्याच्या विभागाकडे वेगळा फॉर्म जातो, तोच एफबार. तो ऑनलाइन भरायचा, मुदत १५ एप्रिल, आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. तुमची बेरीज ४४,००० आणि वर यूलिप, कारण सरेंडर मूल्य (मध्येच सोडली तर परत मिळणारी रक्कम) असलेली पॉलिसीही त्यात मोजतात. अजाणतेपणी राहिलं तरी दंड वर्षाला १०,००० डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. रिटर्नच्या शेड्यूल बी या व्याजाच्या पुरवणीत सरळ प्रश्न असतो, परदेशात खातं आहे का. तिथे ‘नाही’ गेलं असणार.

‘कोणाला कळणार’ असं मनात येत असेल तर एफडी उघडताना तुमच्यापुढे ठेवलेला फाट्काचा, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकेला देण्याच्या कायद्याचा, कागद आठवा. अमेरिकेचा टॅक्स नंबर त्यावर घेतला होता. भारत आणि अमेरिकेने त्यासाठीचा करार २०१५ मध्ये केला, तेव्हापासून अशा खात्यांची माहिती तिकडे जाते. कर भरायचा असतो हे मात्र कागद पुढे करणाऱ्याने सांगितलं नाही.

शिवाय ७ टक्के मुळात किती, तेही बघू. कर जाऊन साडेपाच उरतात. २०१५ मध्ये डॉलर ६४ च्या आसपास होता, २०२५ अखेर नव्वदीला टेकला, म्हणजे रुपया वर्षाला साडेतीन टक्के घसरला. डॉलरमध्ये हाती दोन. तिकडच्या ऑनलाइन बँकांच्या जास्त व्याजाच्या बचत खात्यांनी गेल्या काही वर्षांत याहून जास्त दिलं. निवृत्तीला पुण्यात परतायचं पक्कं असेल तर थोडी रक्कम रुपयात ठेवायला माझी हरकत नाही. पण ती परतण्यासाठी, व्याजदर बघून नव्हे.

यूलिपबद्दल संयम सुटतो. १ फेब्रुवारी २०२१ नंतर घेतलेल्या, वर्षाला अडीच लाखांवर हप्ता असलेल्या यूलिपची मॅच्युरिटी भारतातही करमुक्त राहिलेली नाही. तुमची २०२२ ची, तीन लाखांची. ‘टॅक्स-फ्री’ म्हणून विकली असेल तर विकताना सांगितलेली गोष्टच खोटी होती. अमेरिकेत या फंडांचे हिशेब इतके किचकट पडतात की कमाईपेक्षा सीपीएचं (तिकडच्या सीएचं) बिल मोठं, आणि परदेशी विमा कंपनीला दिलेल्या हप्त्यावर एक टक्का अबकारीही आहे. हे सगळं करून विमा किती? हप्त्याच्या दहापट, ३० लाख, म्हणजे ३३,००० डॉलर. गृहकर्ज असेल तर त्यात त्याचं काय होणार?

पाचवा हप्ता भरू नका. पाचव्या वर्षापासून पॉलिसी थांबवण्याचा आकार लागत नाही. पैसे थांबवलेल्या पॉलिसींच्या फंडात जातील, तिथे किमान ४ टक्के व्याज, आणि पैसे अडकून राहण्याची पाच वर्षांची मुदत (लॉक-इन) संपली की नोव्हेंबर २०२७ मध्ये हातात. मात्र त्याआधी तिकडेच वीस वर्षांची, दहा लाख डॉलरची टर्म पॉलिसी घ्या. तुमच्या वयाच्या निरोगी माणसाला महिन्याला पन्नास-साठ डॉलरच्या घरात मिळते. ती हाती आल्यावरच यूलिप सोडा.

एफडीचं काम मात्र याच महिन्यात करा. भारतीय खात्यांची सवय असलेला सीपीए गाठा आणि त्याला स्ट्रीमलाइन्ड प्रक्रियेबद्दल, म्हणजे राहून गेलेली माहिती स्वतःहून देण्याच्या मार्गाबद्दल, विचारा. तीन वर्षांची रिटर्न दुरुस्त करायची, सहा वर्षांचे एफबार भरायचे, चूक हेतुपुरस्सर नव्हती असं लिहून द्यायचं आणि या परदेशी मालमत्तेच्या ५ टक्के दंड. तुमच्या रकमेवर कर आणि दंड मिळून पाचेक हजार डॉलर, व्याज आणि फी वेगळी. स्टोव्हचे १,२०० तिथे लागतील. हा मार्ग आयआरएसने (अमेरिकेच्या करखात्याने) तपासणी सुरू करण्याआधीच खुला असतो. आणि हे वाचल्यानंतर पुढच्या रिटर्नमध्ये पुन्हा ‘नाही’ टिकमार्क केलंत तर ते अजाणतेपण राहणार नाही, तेव्हा दंडाचं कोष्टकच वेगळं असतं.

सीपीएकडे जाताना एक यादी करून न्या: एफडी, तिच्यामागचं बचत खातं, यूलिप, पत्नीच्या नावावरची भारतातली खाती, पीपीएफ असेल तर तेही. आणि आईच्या पेन्शन खात्यात सोयीसाठी तुमचं नाव घातलं असेल, तर पैसे आईचे असले तरी ते खातं एफबारमध्ये तुमच्याही नावावर मोजलं जातं.